गोपनीय सत्कार

"तुझा छळ झालाय ना?" हणबर सरांनी विचारलं. मी मान हलवली, आणि सरांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागला तेव्हाही पाहिला नव्हता.

"ऑनलाइनच ना?" त्यांनी खात्री करून घेतली.

"हो सर."

"शाब्बास! बस बाळ. खुर्चीवर बस."

मुख्याध्यापकांच्या खोलीत विद्यार्थ्याला खुर्ची मिळायची, तर तो संचालकांचा नातू तरी असावा लागे, नाहीतर त्याला चक्कर तरी आलेली असावी लागे. मी अवघडून टोकावर बसले. आमच्या वर्गशिक्षिका तांदळे मॅडम शेजारी उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. आदल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या होत्या, "हे तुझ्यामाझ्यातच राहील." नंतर कळलं की त्यांनी ते शिक्षकांच्या ग्रुपवर टाकलं होतं. वर लाल अक्षरात 'अत्यंत गोपनीय' असं लिहायला मात्र त्या विसरल्या नव्हत्या.

सरांना एवढा आनंद व्हायला कारण होतं. त्या वर्षी शासनाने शाळकरी मुलांना इंटरनेटवरच्या छळापासून वाचवायचं ठरवलं होतं. वाचवायचं म्हणजे शाळेने एक समिती नेमायची, एक तक्रारपेटी भिंतीला ठोकायची, एका हुशार मुलाला 'सायबर दूत' करायचं आणि महिनाअखेरीस किती जणांचा छळ झाला ते वर कळवायचं. तालुक्यातल्या झाडून सगळ्या शाळांनी 'निरंक' कळवलं, म्हणजे काहीच नाही. त्यावर जिल्ह्याच्या साहेबांचं डोकं फिरलं. एवढी पोरं, एवढे फोन, आणि एकाचाही छळ नाही? नवा आदेश आला: निरंक चालणार नाही, फोटोसह यशोगाथा पाठवा. तेव्हापासून तालुक्यातले मुख्याध्यापक छळ झालेलं मूल शोधत फिरत होते. हणबर सरांना ते घरबसल्या सापडलं होतं. नववी ब, शर्वरी दुधाळ. म्हणजे मी.

माझं झालं होतं ते असं. गेल्या वर्षीच्या गॅदरिंगच्या फोटोतला माझा चेहरा कुणीतरी उचलला आणि ओल्या साडीतल्या एका नटीच्या अंगावर चिकटवला. माझ्या नावाने खातं उघडलं, नावापुढे 'डान्सर' जोडलं आणि रोज नवा फोटो टाकायला सुरुवात केली. खाली पोरं काय काय लिहायची ते मी इथे लिहिणार नाही. मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर पडायचं मी बंद केलं होतं. बाहेर जावं लागू नये म्हणून पाणी पीत नव्हते, आणि घरी गेल्यावर पोटात कळा यायच्या. मला दोनच गोष्टी हव्या होत्या. ते खातं जावं, आणि ते आहे हे आप्पांना कधी कळू नये.

आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचं वडाप होतं, म्हणजे आजूबाजूच्या गावांची माणसं कोंबून तालुक्याला आणणारी जीप. त्या जीपमध्ये अख्ख्या तालुक्याची खबर बसायची, तीही बिनतिकिटाची. माझी थोरली बहीण पूनम दहावीत होती तेव्हा कुठल्याशा पोराने तिला मेसेज पाठवले. तिने एकालाही उत्तर दिलं नव्हतं. पण मागच्या सीटवरच्या एका बाईने ते आप्पांच्या कानावर घातलं, आणि दुसऱ्या दिवशी आप्पा शाळेतून पूनमचा दाखला काढून घेऊन आले. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. पूनम माझ्यापेक्षा हुशार होती. तेव्हा आता माझी पाळी कधी, एवढाच प्रश्न होता.

"सर, ते खातं बंद होईल ना?" मी विचारलं.

"होणार की! पण ती कारवाई आपल्या हातात नाही. आपण योग्य मार्गाने पत्र पाठवायचं. शाळेकडून केंद्रप्रमुखांना, केंद्रप्रमुखांकडून तालुक्याला, तालुक्याकडून जिल्ह्याला, आणि जिल्ह्याकडून पोलिसांच्या सायबर सेलला."

मला आप्पांची जीप आठवली. तीही प्रत्येक थांब्यावर थांबायची आणि भरल्याशिवाय हलायची नाही.

"आणि घरी नाही ना सांगणार, सर?"

"छे छे! शासनाचा स्पष्ट आदेश आहे, नाव गोपनीय ठेवायचं. तांदळे मॅडम, पुराव्याचं काय केलंत?"

मॅडमनी फोन पुढे केला. सरांनी चष्मा लावून ओली साडी नीट पाहिली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हे असं फोनवर नको. रंगीत प्रिंट काढा. एक फाईलला, एक तालुक्याला, एक जिल्ह्याला. प्रज्योतला पाठवा."

प्रज्योत म्हणजे आमचा सायबर दूत. दहावीत होता, संचालकांचा नातू. शाळेत फोन आणायला बंदी होती, पण दूताला फोन लागतोच म्हणून त्याला परवानगी होती. तो स्टँडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला. दुकानदाराने 'शाळेचं काम आहे, नीट दिसू दे' म्हणून पानभर मोठी प्रिंट काढली आणि वाळायला काउंटरवर ठेवली. समोरच वडापच्या जीपा लागायच्या. त्या दिवशी आप्पांची जीप पंक्चर होऊन वाटेत अडकली होती, म्हणून मी वाचले. शासनाच्या एवढ्या सगळ्या योजनेत माझ्या उपयोगी पडलं ते फक्त ते पंक्चर.

हे मला सांगितलं ते फिरदोस मुजावरने. माझ्या बाकावर बसायची. तिच्या मामाचं दुकान झेरॉक्सच्या शेजारी होतं.

"आई शप्पथ सांगते, त्यो प्रज्योतच हाय," ती म्हणाली. "गॅदरिंगचं फोटो कुणी काढलं हुतं? त्यानंच की."

"पुरावा काय?"

"पुराव्याचं काय घिऊन बसलीस? तुझा पुरावा आणायला बी त्यालाच धाडलंय."

त्यानंतर शाळेत उत्सव सुरू झाला. प्रभातफेरी निघाली, शपथ झाली, रांगोळी झाली. प्रत्येक गोष्टीचे फोटो प्रज्योतने काढले आणि वर पाठवले. माझ्या नावाच्या खात्यावरही रोज नवा फोटो येतच होता. दोन्ही कामं वेळच्या वेळी चालली होती.

मग एके दिवशी मॅडमनी मला बोलावून सांगितलं, "शनिवारी सकाळी तुझा सत्कार आहे."

"कशाबद्दल?"

"धाडसाबद्दल. तू तक्रार केलीस ना." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी सरांना सांगितलं गं, नाव गोपनीय ठेवायचंय म्हणून. पण विस्तार अधिकारी स्वतः येणार आहेत, आणि सत्काराच्या फोटोशिवाय यशोगाथा पूर्ण होत नाही म्हणे. सरांनी त्यातून मार्ग काढलाय. तुझा सत्कार गोपनीय होणार."

गोपनीय सत्कार कसा करतात ते शनिवारी पाहायला मिळालं. मैदानावर मंडप होता. स्टेजच्या मागे भलामोठा फ्लेक्स, त्यावर संचालक, विस्तार अधिकारी आणि हणबर सर यांचे हसरे चेहरे, आणि मधोमध एका वेणीवाल्या मुलीची काळी सावली. खाली लिहिलं होतं, 'धाडसी विद्यार्थिनीचा गोपनीय सत्कार समारंभ'. तांदळे मॅडमनी मला स्टाफरूममध्ये नेलं आणि स्कूटरवरच्या मुली बांधतात तसा स्कार्फ माझ्या तोंडाला गुंडाळला. फक्त डोळे उघडे राहिले. सगळी शाळा आपापल्या वर्गाच्या रांगेत बसली होती, आणि नववी ब च्या रांगेत फिरदोसच्या शेजारी एक जागा रिकामी होती. एवढी गोपनीयता पाळूनसुद्धा मी स्टाफरूममधून बाहेर आले तेव्हा पाचवीतली एक चिमुरडी ओरडली, "शर्वरीताई, तुला मधमाश्या चावल्या का?"

तरी मी म्हटलं, उरकून जाईल. आणि तेवढ्यात मला गेटजवळ आप्पा दिसले.

इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, हातात टोपी. लग्नाला निघाल्यासारखे. मला पाहून लगबगीने आले. तोंड झाकलेलं असूनही त्यांनी मला लांबूनच ओळखलं.

"आगं, हे काय बांधलंयस? दात दुखतोय व्हय?"

"आप्पा, तुम्ही कसे आलात?"

"हेडमास्तरांचा फोन आला की काल. म्हणाले, पोरीचा सत्कार हाय, पालकांचा बी हाय, या. म्या इचारलं, कशाचा? तर म्हणाले, ते गोपनीय हाय." आप्पा हसले. असे हसताना मी त्यांना फार दिवसांत पाहिलं नव्हतं. "दोन फेऱ्या सोडून आलोय. कशात नंबर काढलास गं?"

स्टेजवर पी. टी.चे शेवाळे सर माइक टिचकून बघत होते. आणखी थोड्या वेळाने तेच माइकवरून सगळं सांगणार होते, अख्ख्या शाळेसमोर, आप्पांना. त्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं, असं मी ठरवलं. ठरवलं म्हणजे दुसरा रस्ताच नव्हता.

"आप्पा, मी कशातच नंबर काढला नाही," मी म्हटलं. "माझा चेहरा कुणीतरी दुसऱ्या बाईच्या घाणेरड्या फोटोला लावलाय आणि इंटरनेटवर टाकलाय. मी काही केलेलं नाही. मी तक्रार केली, म्हणून हा सत्कार आहे."

आप्पांचं हसू जागच्या जागी थिजलं. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

"कवापास्नं?"

"दिवाळीपासून."

"आन् घरात सांगिटलं न्हाईस."

आता ते काय म्हणणार हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत शेवाळे सर धावत आले, "या या, दुधाळ, तुमचीच वाट बघतोय," असं म्हणत त्यांनी आप्पांच्या दंडाला धरलं आणि दोघांनाही स्टेजवर नेऊन बसवलं.

विस्तार अधिकारी कुंभोजकर साहेबांनी भाषण केलं. मोबाइल हे दुधारी शस्त्र आहे, असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले. मग शेवाळे सरांनी घोषणा केली. "आता आपण एका धाडसी विद्यार्थिनीचा सत्कार करणार आहोत. तिचं नाव आपण अर्थातच उघड करणार नाही. तिचे वडील, आपल्या तालुक्यातले प्रसिद्ध वडापवाले श्री. बाबूराव दुधाळ, यांचाही सत्कार होत आहे."

साहेबांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. आप्पांना टोपी आणि नारळ मिळाला. प्रज्योत समोर गुडघ्यावर बसून फोटो काढत होता. "जरा इकडे बघ," तो मला म्हणाला. मी बघितलं नाही.

"पालकांनी दोन शब्द बोलावेत," साहेबांनी आप्पांच्या हातात माइक दिला.

आप्पांनी माइक उलटा धरला, मग सुलटा केला. "मला भाषण येत न्हाई," ते म्हणाले. "एकच इचारायचं हाय. ते निघालं का?"

"काय?" साहेबांनी विचारलं.

"पोरीचं त्यात जे टाकलंय ते. निघालं का?"

साहेबांनी हणबर सरांकडे पाहिलं, सरांनी तांदळे मॅडमकडे. मॅडमनी पर्समधून फोन काढून पाहिला आणि हळूच म्हणाल्या, "नाही. अजून आहे. काल रात्रीही एक नवीन टाकलाय." माइक जवळ असल्यामुळे ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"प्रस्ताव वर गेलाय," साहेब म्हणाले. "प्रक्रिया सुरू आहे."

"हितं कुणाला येत न्हाई व्हय काढायला?" आप्पांनी विचारलं. त्यांना खरंच वाटत होतं की एवढी शिकलेली माणसं बसलीत, त्यातल्या कुणाला तरी येत असेल.

हणबर सर खुलले. साहेबांसमोर शाळेचं काहीतरी दाखवायची संधी चालून आली होती. "आमचा सायबर दूत आहे की! जिल्ह्याला जाऊन प्रशिक्षण घेऊन आलाय. प्रज्योत, वर ये बाळ."

प्रज्योत वर आला. आप्पांनी माइक काखेत धरला आणि त्या पोरासमोर दोन्ही हात जोडले. माझ्या बापाने, त्या पोरासमोर. "बाळा, तेवढं काढ की. लई उपकार हुतील बघ."

अख्खी शाळा बघत होती. प्रज्योत आधी हसला, मग त्याने स्टेजवर बसलेल्या आजोबांकडे, म्हणजे संचालकांकडे पाहिलं, मग आप्पांच्या जोडलेल्या हातांकडे. ते हात खाली येत नव्हते. शेवटी त्याने फोनवर अंगठा फिरवला. चॉकलेटचा कागद सोडवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

"झालं," तो पुटपुटला.

मॅडमनी फोन पाहिला. "गेलं! सर, खरंच गेलं! सगळं खातंच गेलं!"

स्टेजवर टाळ्यांचा कडकडाट झाला. कुंभोजकर साहेबांनी प्रज्योतला मिठी मारली. "ही खरी यशोगाथा! शाल आणा!" ते ओरडले. शाल एकच आणलेली होती. तेव्हा शेवाळे सरांनी माझ्या खांद्यावरची काढली आणि साहेबांनी ती प्रज्योतला पांघरली.

मंडपात मात्र कुणीही टाळी वाजवली नाही. पोरं एकमेकांकडे बघत होती. जे स्टेजवरच्या एवढ्या साहेबांना कळलं नव्हतं, ते खाली पाचवीच्या रांगेतही कळलं होतं. मला स्कार्फमध्ये गुदमरायला झालं. मी तो ओढून काढला आणि विचारलं, "प्रज्योत, माझ्या नावाच्या खात्याचा पासवर्ड तुझ्याकडे कसा?"

माइक आप्पांच्या काखेतच होता, आणि सुरू होता.

"त्याला प्रशिक्षणात शिकवलंय ते," साहेब कौतुकाने म्हणाले.

मग मंडप हसायला लागला. आधी दहावीची रांग, मग नववी, मग सगळेच. महिनाभर ती पोरं मला हसत होती. त्या दिवशी पहिल्यांदाच ती माझ्याकडे बघत नव्हती. प्रज्योतचा चेहरा पांढरा पडला. आप्पांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि ते पॅंटवर पुसले.

हणबर सरांनी घाईघाईने राष्ट्रगीत सुरू करायला सांगितलं. पोरं आपापल्या वर्गांत गेली, साहेब 'पुढची मीटिंग आहे' म्हणून निघाले आणि आम्हाला सरांच्या खोलीत बोलावण्यात आलं. या वेळी खुर्ची आप्पांना मिळाली. मी दाराशी उभी राहिले.

"झालं ते वाईट झालं," सर म्हणाले. "पण मूल आहे ते. चुकलं. संचालकांचा नातू आहे, त्याचं दहावीचं वर्ष आहे. त्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

आप्पा मांडीवरचा नारळ फिरवत राहिले.

"आता मुलीचं बघायला पाहिजे. सगळी शाळा बोलणार. तिला रोज त्रास होणार. शासनाचं धोरणच आहे, मुलींना सुरक्षित वातावरण द्यायचं." सरांनी टेबलावरून पुढे वाकून आवाज मऊ केला. "मी काय म्हणतो, तिचा दाखला घेऊन जा. दुसऱ्या शाळेत घाला, नाहीतर वर्षभर घरी राहू दे. मी आजच सही करून देतो. तिच्या भल्यासाठीच सांगतोय."

इतके दिवस मी ज्याला भीत होते ते सरांनी आयतं आप्पांच्या हातात ठेवलं होतं. तांदळे मॅडम खिडकीतून बाहेर बघत होत्या. आप्पांनी मांडीवरचा नारळ उचलून टेबलावर ठेवला.

"हेच म्या थोरलीला म्हणालो हुतो," ते म्हणाले. "तुझ्या भल्यासाठीच म्हणून. ह्याच खुर्चीत बसून दाखला घेतला हुता तुमच्याकडनं."

"बघा! म्हणजे तुम्हालाही पटतंय."

"तवा पटलं हुतं."

सर काहीतरी बोलणार होते, पण आप्पा उठले. त्यांचा आवाज वाढला नाही. जीपमध्ये माणसांना सरकून बसा म्हणायचे तसा साधाच होता.

"ज्यानं केलं त्येचा दाखला काढा. तुमच्याच्यानं हुत नसंल तर दोघंबी ऱ्हाऊ द्यात. पर ही हितनं हलायची न्हाई. सोमवारपास्नं सकाळची पयली फेरी म्या शाळंवरनं काढणार. कोण काय बोलतंय ते बघू."

"दुधाळ, तुम्ही भावनेच्या भरात—"

आप्पांनी ऐकलंच नाही. ते माझ्याकडे वळले.

"आता कंचा तास हाय?"

"भूगोल."

"मग हितं काय करतीयास? जा की."

मी निघाले. जिन्यावर मला रडू आलं. ते मी तिथेच उरकलं, नळावर तोंड धुतलं, ओंजळीने पोटभर पाणी प्यायले आणि वर्गात गेले.